डुगडुगती खुर्ची

प्रिय पाचर,

बाबांनी ठेवलेल्या नावाला तू इतका जागशील असं वाटलं नव्हतं. चालत्या कामात पाचर मारायची म्हणजे किती? तुझ्या मुलाखतीला सहा दिवस झाले, तरी ऑफिसच्या जिन्यात कुणी भेटलं की मी पर्समध्ये काहीतरी शोधत पुढे सटकते. हो, तुझी निवड झाली नाही. स्टोअरकीपरची जागा दुसऱ्या कुणाला तरी दिली. एवढं सांगायला पत्र कशाला, तर फोनवर तू मध्येच करवत सुरू करतोस आणि माझं अर्धं बोलणं भुशात जातं.

बाबा गेल्यापासून वर्कशॉपचं काय चाललंय ते मला दिसतं. सांधे तुझे पक्के, पण एकेका कपाटाच्या पॉलिशला तू पंधरा दिवस लावतोस आणि गिऱ्हाईक चिडून निघून जातं. म्हणून म्हटलं, कुलूप लाव आणि पगाराची नोकरी धर. भाऊ आहेस हे ऑफिसात सांगितलं नव्हतं, वशिल्याची बोंब नको म्हणून. तीन संध्याकाळी स्वयंपाक बाजूला ठेवून तुला शिकवलं. ताठ बस, विचारतील तेवढंच बोल, आणि लाकडाबद्दल अवाक्षर काढू नकोस. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

आलास तेव्हा बरा दिसत होतास रे. शर्टाला इस्त्री, नखं स्वच्छ. मी कोपऱ्यात टिपणं घ्यायला बसले होते, जीव मुठीत धरून. पहिल्या दोन उत्तरांना मोठ्या साहेबांनी मानही डोलावली. आणि खुर्ची डुगडुगली. डुगडुगली तर डुगडुगू दे, माणूस पाय रोवून बसतो. तू उठलास, खुर्ची उलटी करून साहेबांच्या फायलींवर ठेवलीस, पायाला चिकटपट्टीने लावलेली पुठ्ठ्याची घडी उपटलीस आणि हा गाढवपणा कुणाचा, असं भरल्या खोलीला विचारलंस. विषय बदलावा म्हणून साहेबांनी पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल म्हणून विचारलं. तर खुर्चीच्या पायांमधून तोंड काढून म्हणालास, मी कुठेही असेन, ही खुर्ची मात्र नसेल. वर निघताना, जन्माचा शहाणा, येतो ताई म्हणालास.

सगळे हसले. मी हसले नाही, कारण ती पुठ्ठ्याची घडी माझी होती. अकरा वर्षं मीच ती बदलत होते. सुताराची पोर मी, सांधा सैल झालाय हे ती डुगडुगली त्या पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण बोललं तर कटकटी म्हणतील, म्हणून गप्प. आठवतं, पॉलिशला बाबा मलाच हाक मारायचे. तू घासलेलं ते गुपचूप माझ्याकडून पुन्हा घासून घ्यायचे, तुला वाईट वाटू नये म्हणून. मग मला नोकरी लागली, आणि तुझ्या केसांतल्या भुशाला मी नावं ठेवायला लागले.

तुझ्या मुलाखतीच्या दुसऱ्याच दिवशी मला त्या खोलीत बोलावलं आणि त्याच खुर्चीत बसवलं. आमचा विभाग बंद होतोय. महिनाअखेरीला माझी नोकरी संपते. बावीस वर्षांत माझ्याबद्दल एकही तक्रार आली नाही, हे साहेबांनी दोनदा सांगितलं. मी ताठ बसून ऐकलं, विचारलं तेवढंच बोलले आणि घरी येऊन रडले. खुर्ची जराही हलली नाही. जाता जाता तू खिशातली पाचर ठोकून गेलास ना, ती घट्ट बसली आहे. तेव्हा आता ऐक. कुलूप लावायचं मी म्हटलं होतं, ते विसर. तुला पॉलिशला माणूस हवंय. एक तारखेला सकाळी नऊला मी वर्कशॉपमध्ये येते, जुने कपडे घालून. हात अजून चालतो का, मलाच ठाऊक नाही, म्हणून आधी एखादं स्टूल घासायला दे. जमलं नाही तर ताई आहे म्हणून गप्प बसू नकोस, तोंडावर सांग.

तुझीच, पुठ्ठेवाली
ताई