दत्त म्होरं, बिल मागं

सौ. विहीणबाई अंबूबाई यांना शिवाजी पेठेतनं धोंडुबाईचा नमस्कार.

डोळ्याचं कसं हाय? पट्टी निघाली काय? डॉक्टरनं महिनाभर वाचायला बंदी केलीया म्हणून कळलं, तर पाळा. फोडणीच्या धुरात जाऊ नका, पोरगी हाय न्हवं हाताशी. इकडं सगळं बरं हाय. (न्हाय, पण पत्रात तसं लिहायची पद्धत हाय.) फोनवर मला भांडल्याबिगर बोलता येत न्हाय, म्हणून लिहिते.

विषय आमच्या मिरची कांडायच्या डंकावरचा कॉम्प्युटर. तुमच्या तेजस्वीनं तो असा लावून ठेवला हुता की बटण दाबलं की थेट चटणीचं बिलच समोर. मिरचीला मिरचीचं चित्र, खोबऱ्याला खोबऱ्याचं, आणि कुणाच्या पोत्याला कुठला नंबर ते मोठ्या आकड्यात. (मला वाचायला जड जातं म्हणून चित्रं, हे तिनं कधी बोलून दाखवलं न्हाय. आत्ता कुठं डोक्यात शिरलं.) पर आमच्याकडं सकाळी आधी दिवा, मग यंत्राला हळदकुंकू, मग मिरची आत. आणि हे डबडं उघडल्या उघडल्या धंदा दाखवतंय. मी म्हटलं, आधी वाडीच्या दत्ताचं दर्शन होऊ दे. तर म्हणाली, "आत्ती, दत्त हाय की, बिलाच्या मागं." देव मागं आणि पैसा म्होरं, माहेरात हेच शिकवलं काय, असं मी भरल्या गिऱ्हाइकात बोलले. (तुमचं नाव घेतलं न्हवतं. घेतलं हुतं.) ती खोकत खोकत बिलं करत ऱ्हायली. दुसऱ्या दिवशी तुमच्या ऑपरेशनला म्हणून बॅग भरून कागलला आली. ऑपरेशनला अजून आठवडा हुता.

मग मी शेजारच्या क्रांतीला बोलावलं, झेरॉक्सच्या दुकानात बसते ती. तिनं दत्त म्होरं आणला. पर देवाच्या तोंडावर बारकी बारकी चौकोनी चित्रं बसलेली, बघवंना. म्हटलं, काढ सगळी. काढली. आता बटण दाबलं की दत्त येतो, प्रसन्न दिसतो, आणि म्होरं कायच हुत न्हाय. बिलाचं चित्रबी त्यातच गेलं. क्रांती म्हणाली, बाण कोपऱ्यात न्या आणि दाबा, बिल निघंल. कोपऱ्यात दत्ताची गाय उभी हाय. गाईला दिवसभर टोचत बसू काय?

नंबर गेले आणि पोती बदलली. शालूबाईचं पोट नाजूक, ती ब्याडगी कांडून नेती. तिच्या डब्यात विजयसिंहाची लवंगी गेली. विजयसिंह तालमीतला गडी, डबा घेऊन आला आणि म्हणाला, "काकू, ही चटणी न्हवं, कुंकू हाय." शालूबाईचा पोरगा काय बोलला ते लिहिण्याजोगं न्हाय.

तेजस्वी गल्ल्यावर बसून खोकायची तर मला राग यायचा. आता खोकला ऐकू येत न्हाय तर डंकात मन लागत न्हाय. मिरचीनं समद्यांच्याच डोळ्यांला पाणी असतंय, त्यामुळं माझं कुणाला कळत न्हाय, एवढं बरं हाय.

तर कॉम्प्युटर नीट करायला तरी तिला धाडा.

तुमची विहीण,
धोंडुबाई

ता. क. कॉम्प्युटर परवाच क्रांतीनं पहिल्यासारखा करून दिला. उघडला की बिल. दत्त वर भिंतीवर हाय, पहिल्यापासनं तिथंच हुता. हे तेजस्वीला सांगू नका. बिघडलाय म्हणा.

आणखी एक. पाकीट चिकटवताना सुचलं, तुम्हाला तर वाचायची बंदी हाय. म्हणजे हे सगळं तेजस्वीच वाचून दाखवत असणार. तर तेजस्वी, आईची पट्टी निघाली की ये. वर माहेराबद्दल बोलले ती ओळ तू आईला वाचताना गाळली असशील, मला ठाऊक हाय. म्हणूनच ये.