शिंदीचे काटे

चि. काशीराम यास, थोरल्या बहिणीचा जयभीम.

मी बरी आहे. नातजावई हर्षदने माझा फोन भिंतीवर आपटून फोडला, म्हणून दापोलीहून हे लिहून रात्रीच्या एस्टीच्या कंडक्टरकडे देते. तुझा गुडघा कसा आहे?

तेजलच्या दारची शिंदी माझ्याहून उंच झालीय. केरसुण्या बांधायला झावळ्या तोडल्या, काटे छाटायचे राहिलेले. तेवढ्यात हर्षद मेल्याने तेजलला, माझ्या नातीला, केस धरून फरफटवलंन. मी झावळी शेंड्याकडून धरली आणि काटेरी बुडखा त्याच्या पाठीत हाणला, तो आडवा पडेपर्यंत. माझे हात जरा सोललेत, बाकी ठीक.

तेजल चिमटा घेऊन त्याचे काटे काढायला धावली. म्हटलं, "काढ हो, पण मग माझ्याबरोबर येऊ नको."

तिने चिमटा टाकला.

सकाळच्या एस्टीने दोघी येतो. भात वाढीव टाक.

तुझी यमुनाताय