अक्षर मोठं करायची दोन बटणं

बाबा, आज ऑफिसात तुमचं खातं समोर आलं. कळमन्याच्या ज्या गोदामाच्या गेटवर तुम्ही येणाऱ्या गाड्यांची नोंद करायचात, तिथली जुनी वेबसाइट आम्ही नव्याने बांधतो आहोत. जे लोक कित्येक वर्षांत आत आलेच नाहीत, त्यांची खाती आणि त्यांनी निवडलेल्या सेटिंग काढून टाकायच्या आहेत. माझ्यासोबत काम करणारी मुलगी यादी वाचत होती. "ताई, हे पाहा. अकरा वर्षं लॉगिन नाही. मराठी, अक्षर सगळ्यात मोठं, घंटी बंद. कोण आहे जी हे? उडवून देऊ?" मी म्हटलं, थांब जरा. कोण ते सांगितलं नाही.

ती वेबसाइट मी बनवली तेव्हा नोकरीला वर्षही झालं नव्हतं. एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरात पाटावर बसलेली असते, आई भाकरी थापत असते, आणि तुम्ही कूलरमध्ये पाणी भरून ओल्या हातांनीच दारात येता. "अक्षर दिसत नाही वं मले. मोठं कसं कराचं, दाखवून दे ना. बसतो मी तुह्याजवळ." मी उद्या म्हणते. तुम्ही दुसऱ्या दिवशी विचारलंत, तिसऱ्याही दिवशी. तेव्हा अक्षराचा आकार एकाच जागी, सगळ्यांसाठी मिळून ठरलेला होता. ज्याला त्याला आपली निवड करता यावी अशी सोय मी केलीच नव्हती. चौथ्या दिवशी मी ऑफिसातून तो आकडाच वाढवून टाकला. एक मिनिट लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवरच्या सगळ्या पडद्यांवर अक्षरं एवढाली झाली की 'गाडी आत' हे बटणच पडद्याबाहेर गेलं. पारशिवनीकडून, रामटेककडून आलेल्या गाड्या उन्हात उभ्या, ड्रायव्हर हॉर्न वाजवतायत. फोन आला म्हणून मी धावत आले, तर वजनकाट्यावरचे काका ओरडत होते, "बाबूजी, तुमच्या पोरीनं तं साऱ्या गोदामाले मोतियाबिंद करून टाकला!" सगळे हसले. तुम्हीही हसलात. रात्री मात्र ताटावरून नजर न उचलता म्हणालात, "माह्या डोळ्याचा चष्मा साऱ्यायच्या नाकावर काहून ठेवला वं? ज्याचं त्याले ठरवू दे ना."

त्या आठवड्यात मी 'माझी पसंती' हे पान बनवलं. तुम्ही स्वतः सगळं निवडलंत. घंटीही बंद केलीत, म्हणालात, दर गाडीले कोंबडीवानी ओरडते. आणि पुढे जो भेटेल त्याला सांगत राहिलात की पोरीनं बापाच्या डोळ्यासाठी सारं गोदाम बदलवलं. तुमच्या दहाव्याला काटेवाल्या काकांनी सगळ्यांसमोर तेच सांगितलं. आई रडली. मी खाली बघत उभी राहिले.

आज दिवसभर त्याच याद्या बघून डोळे शिणले होते. पाचच्या सुमारास ती मुलगी चहा घेऊन आली. "ताई, काहून इतके डोळे ताणून राहिल्या जी?" असं म्हणत वाकली, माझ्या कीबोर्डवरची दोन बटणं एकदम दाबली आणि आपल्या जागेवर गेली. अक्षर मोठं झालं. फक्त माझ्या पडद्यावर. बाकी कुणाचं काही हललं नाही.

बाबा, ती दोन बटणं तेव्हाही होती. मला माहीत होती. तुमच्या शेजारी बसून पाच मिनिटांत शिकवता आली असती. पण तुम्ही एका बोटाने टाइप करायचात, दर वेळी थांबून विचारायचात, आणि मला घरी आल्यावर पुन्हा ते नको होतं. तो आकडा वाढवला त्यात तुमच्या डोळ्यांचा विचार फारसा नव्हता. रोजचं विचारणं थांबावं, एवढंच होतं.

निघताना मुलीने परत विचारलं, "ताई, त्या खात्याचं काय कराचं?" मी म्हटलं, उडव. ते राहिलं असतं तर तिने उद्या पुन्हा विचारलं असतं, कोण हे, आणि मीही तिला तुम्ही सगळ्यांना सांगायचात तीच गोष्ट सांगितली असती.