डाव्या बाजूची टक टक

तीर्थरूप दादांच्या सेवेशी,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे साष्टांग आता फक्त पत्रातच जमतो, तो गोड मानून घ्यावा.) तुमची आणि वहिनींची प्रकृती उत्तम असेल. गेल्या आठ वर्षांत तुमची जी तीन पोस्टकार्डं आली त्यांत 'प्रकृती ठीक, आपली कळवावी' एवढंच होतं, त्यामुळे कोणाची प्रकृती आणि कुठवर ठीक, हा उलगडा काही झाला नाही. वहिनींचा मोतीबिंदू काढला असं कानावर आलं. तुम्ही नवा चष्मा बाजारातल्या दुसऱ्या दुकानातून करून घेतलात, हेही आलं. घरचं चष्म्याचं दुकान असताना… असो. राग नाही. फक्त दांडी कानामागे रुतते का आणि नाकावर लाल डाग पडतो का, तेवढं कळवा. पडत असेल तर त्या गृहस्थाने पॅड उलटे बसवलेत.

दुसरी गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं पत्र तुम्ही निवांत वाचाल. तुमचा तो पितळी मुठीचा बारीक स्क्रूड्रायव्हर माझ्याकडे नाही. एकोणीस वर्षं मी हेच सांगत आलो आहे. तुम्ही घड्याळजी, मी चष्मेवाला. दोघांनाही तसलाच लागतो, तेव्हा संशय माझ्यावर यावा हे मी समजू शकतो. पण माझ्या दुकानाचे खण आजवर तीनदा उपसून झाले, त्यातल्या एका वेळी तर तुम्ही स्वतः उपसलेत. आजही कुठलीही शपथ घालून विचारा, उत्तर तेच येईल.

आता बातमी. मी गाडी घेतली. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, एकोणीस वर्षांची, विटकरी रंगाची. कुठून बुद्धी झाली विचाराल, तर झालं असं की एका जुन्या गाड्यांच्या दलालाने माझ्याकडे वाचायचा चष्मा करायला टाकला आणि न्यायला यायचं नाव काढीना. मीच एके दिवशी तो खिशात घालून त्याच्या आवारात गेलो. वजनकाट्यामागे मोठं मोकळं आवार आहे, तारेचं कुंपण, आत गाड्यांच्या चार रांगा, प्रत्येकीच्या काचेवर खडूने किंमत. दलाल तोंडाचा असा गोड की त्याला मी मनातल्या मनात साखरतोंड्या म्हणतो. मी चष्मा त्याच्या नाकावर बसवला, दांड्या नीट केल्या, लांब कुठेतरी बघा म्हटलं, आणि तो बघत होता तिकडे मीही बघितलं. तिसऱ्या रांगेत आमची गाडी उभी होती.

हो दादा, आमचीच. नंबर तोच. रंग कोणी तरी बदललाय, पण मागच्या उजव्या दाराचा पोचा तसाच होता, रंगाखाली. (तुम्ही फाटकाशी उभे राहून 'येऊ द्या, येऊ द्या' करत होतात आणि मी येऊ देत होतो, तो पोचा. चूक कोणाची यावर आपलं एकमत कधीच झालं नाही, आणि होऊही नये.) माझे पाय आपोआप तिकडे वळले. साखरतोंड्याने लगेच ओळखलं की गिऱ्हाईक लागलं, आणि मला माझ्याच गाडीची माहिती द्यायला सुरुवात केली. आधीच्या मालकीणबाई म्हणे डॉक्टर होत्या. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर, एवढीच चाललेली. त्या गाडीत कधी कोणी आवाज चढवून बोललंसुद्धा नाही. आता त्या गाडीत रस्ता चुकण्यावरून तुमची बहीण आणि मी काय काय बोललो आहोत, ते तुम्ही मागच्या सीटवर बसून ऐकलेलं आहे. पोच्याबद्दल विचारलं तर म्हणाला, या मॉडेलचं डिझाइनच तसं आहे. मी 'असेल' म्हटलं. खरं बोललो असतो तर किंमत वाढली असती.

मग त्याने आवाज उतरवून एकच उणीव आहे म्हणून सांगितलं. सर्व्हिसचं पुस्तक नाही. आधीच्या मालकीणबाईंनीच हरवलं, निष्काळजी माणसं असतात, साहेब. (डॉक्टरीणबाई एका वाक्यात निष्काळजी झाल्या.) दादा, ते पुस्तक माझ्या कपाटात होतं. भिंगांच्या रिकाम्या खोक्यांखाली, कापडात गुंडाळून. गाडी विकली तेव्हा घेणाऱ्याने मागितलं होतं, मी तोंडावर सांगितलं की हरवलं. का, ते पुढे लिहितो. तर काखेत कळसा घेऊन मी मान डोलावत होतो, की खरंच, पुस्तक नसलं की फार पंचाईत, गाडीवर भरवसा कसा ठेवायचा. आणि साखरतोंड्या स्वतःहून भाव उतरवत होता.

चालवून बघायची म्हटलं तर म्हणाला, आधी मी चालवतो, तुम्ही आरामात बसा. त्यामुळे मी डावीकडे बसलो. दादा, अकरा वर्षं ती गाडी माझ्याकडे होती आणि मी एकदाही डावीकडे बसलो नव्हतो. स्टिअरिंगला कोणाला हात लावू दिला नाही म्हणून. तुमच्या बहिणीलाही नाही. ती दोनदा म्हणाली होती, शिकवा मला, आणि दोन्ही वेळा मी म्हणालो, बघू. हे आज लिहून टाकतो, कारण तुम्हाला ते माहीत नसणार. माझी गाऱ्हाणी माहेरी सांगायची सवय तिला नव्हती.

आवाराबाहेर पडून आम्ही उजवीकडे वळलो आणि माझ्या ढोपराशी, दाराच्या आत, टक झालं. गाडी सरळ झाली, पुन्हा टक. आतून कोणी नखाने वाजवावं तसं. पुढच्या वळणाला परत तेच. तुम्हाला आठवतच असेल, डावीकडून टक टक येते म्हणून ती किती मागे लागायची, आणि मी काय म्हणायचो. मी म्हणायचो, तुमच्या सगळ्या घराण्याचे कान घड्याळाचे आहेत, जरा कुठे शांत असलं की तुम्हाला टिकटिक ऐकू येते. गाडी मिस्त्रीकडे नेली की ती त्याला सांगायची, आणि मी तिच्या मागे उभा राहून मान हलवायचो, काही नाही, काही नाही. मिस्त्री बिचारा माझं ऐकायचा. आणि आता माझ्या ढोपराशी टक टक होत होती, अगदी स्पष्ट. मला रडू आलं. थोडंथोडकं नाही. साखरतोंड्याने घाबरून गाडी बाजूला घेतली. त्याला वाटलं मला काही मोठा दोष सापडला, म्हणून त्याने भाव आणखी उतरवला. रडून सौदा करता येतो हे मला आधी कळलं असतं तर आयुष्यात बरंच काही स्वस्तात पडलं असतं.

घरी आणताना ती दोनदा बंद पडली, हॉर्न दाबला की वायपर चालू होत होते, आणि कोरड्या दिवशी काच पुसत पुसत मी चौकातून गेलो तेव्हा लोक बघत होते. पण ते सगळं ठीक. शेडखाली तिच्या जागेवर मी कुंड्या मांडल्या होत्या, त्या काढल्या. खाली तेलाचा जुना डाग होता तसाच होता. गाडी बरोबर त्यावर उभी राहिली.

मग पुस्तक काढलं. तुमच्या बहिणीचं अक्षर तुम्हाला सांगायला नको. कंपनीने तारीख आणि किलोमीटरला जागा दिली होती, तिने शेरे लिहिले होते. पहिल्याच पानावर, गाडी घेऊन महिना व्हायच्या आत: 'ऑइल बघितलं. डावीकडे टक टक. ह्यांना ऐकू येत नाही.' दोन पानं पुढे: 'टक टक आहे. ह्यांनी रेडिओ मोठा केला.' मग: 'टक टक. मिस्त्रीला सांगितलं. हे मागे उभे राहून खुणा करत होते, मला आरशात दिसलं.' मग काही वर्षं नुसतंच: 'टक टक. सांगितलं नाही, उगाच चिडतात.' आणि शेवटची नोंद, ती दवाखान्यात जायच्या आदल्या आठवड्यातली: 'आज हे म्हणाले, बघ, थांबली की नाही तुझी टक टक? मी हो म्हटलं. बरं वाटलं त्यांना. (थांबलेली नाही.)'

त्यापुढे पानं कोरी. आठ वर्षांत गाडी कुठे होती कोण जाणे. मागच्या काचेला एका बदकाचं चिकटचित्र आहे आणि सीटखाली लहान मुलीची एक क्लिप सापडली. म्हणजे कुठे तरी बरी होती असं धरून चालतो. माझ्याही आठ वर्षांचं पुस्तक कोणी मागितलं तर काय दाखवू? घर ते दुकान, दुकान ते घर. त्या डॉक्टरीणबाईंसारखंच. आवाज चढवून बोललेलं कोणीही नाही.

दादा, ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. ती गेल्यावर महिन्याच्या आत मी गाडी विकली म्हणून तुम्ही फाटकातून परत गेलात. दुपारची वेळ होती, तुमच्या हातात पिशवी होती, तुम्ही रिकाम्या शेडकडे बघितलंत आणि वळलात. मी खिडकीतून पाहत होतो. हाक मारायला हवी होती, मारली नाही. तुम्हाला वाटलं असेल, या माणसाने किती लवकर सगळं आवरलं. तसं नव्हतं. डावीकडची सीट तिच्या बेताने मागे सरकवलेली होती आणि पट्टा तिच्या मापाला अडकून राहिला होता. मी रोज सकाळी शेजारी त्या रिकाम्या सीटसकट दुकानात जात होतो. तीन आठवडे गेलो, पुढे जाववेना. पुस्तक मात्र देववलं नाही, म्हणून खोटं बोललो.

आता अडचण अशी की मी गाडी चालवायला उजवीकडे बसतो, आणि उजवीकडे बसलं की मला टक टक अजूनही ऐकू येत नाही. कान लावून पाहिले, रेडिओ बंद, काचा बंद, तरी नाही. शेजारच्या निवृत्त मास्तरांना डावीकडे बसवून फिरवलं, तर ते सबंध वेळ स्वतःच बोलत होते आणि उतरताना म्हणाले, गाडी फारच शांत आहे हो. किराण्याची पिशवी बसवून पाहिली, तिचा अभिप्राय काही मिळाला नाही. तेव्हा तुम्ही आयुष्यभर टिकटिकणाऱ्या वस्तूंच्या पोटात शिरलेला माणूस आहात म्हणून विचारतो: वळताना एकदा आणि सरळ होताना एकदा, असा आवाज कशाचा असावा? सवडीने दोन ओळी टाकल्यात तरी पुरे. पोस्टकार्डही चालेल. वहिनींना नमस्कार. थेंब वेळेवर घालायला सांगा.

आपला,
(अजूनही) जावईबापू

ता. क. पत्राने भागणार नाही हे पाकीट चिकटवताना लक्षात आलं. आवाज काही लिहून कळत नाही. तुम्हीच या. बसने नको, मी न्यायला येतो. येत्या रविवारी सकाळी नऊला दाराशी हॉर्न वाजेल (आणि वायपर हलतील, घाबरू नये). तुम्ही पुढे डावीकडे बसायचं. वहिनींना मागे बसावं लागेल, तसं त्यांना आजच सांगून ठेवा. चष्मा बरोबर आणा, नाकाचे पॅड मी नीट करून देतो.

ता. क. २. पाकीट पुन्हा फोडलं आहे, त्यामुळे गोंदाच्या डागांबद्दल क्षमा असावी. काल हॉर्नसाठी मिस्त्रीकडे गेलो होतो. तोच मिस्त्री, आता माझ्याएवढाच म्हातारा. या वेळी मी खुणा केल्या नाहीत, नीट सांगितलं की डावीकडे टक टक आहे. तो म्हणाला, म्हणजे बाई बरोबर सांगत होत्या तर. मग त्याने दाराचं आतलं पॅड उघडलं आणि बॅटरी मारली. तळाशी तुमचा स्क्रूड्रायव्हर होता. पितळी मूठ, वर तुमची खूण. गाडी घेतल्यावर आपण पहिल्यांदा बाहेर पडलो, तिच्या चष्म्याचा स्क्रू ढिला झाला, आणि मी गाडी थांबवत नाही म्हणून तुम्ही मागून पुढे वाकून तिच्या खिडकीशी तो आवळत होतात, आठवतं? तिथूनच काचेच्या फटीतून आत गेला असणार. तेव्हा एकोणीस वर्षांच्या शपथा मी मागे घेतो. तो माझ्याकडेच होता. मिस्त्री तार वाकवून काढायला निघाला, मी त्याचा हात धरला आणि पॅड होतं तसं बसवायला लावलं. त्याला वाटतं मला वेड लागलं.

स्क्रूड्रायव्हर तुमचा आहे, दादा. मागितलात तर नाही म्हणायचा मला काही हक्क नाही. फक्त रविवारी एकदा तिच्या जागेवर बसा, एक उजवं वळण होऊ द्या, आणि मग मागू नका.