चोपन्नाव्या वर्षी नाना शिकले ते हिशेब

प्रिय नाना,

उद्या धुळ्यात माझा पहिला वर्ग आहे. नोकरी करणाऱ्या अकाउंटंट लोकांना आंतरराष्ट्रीय हिशेब मानकं शिकवायची आहेत. तयारीला बसले आणि पहिल्याच पानावर थांबले. तुम्ही जाऊन दोन वर्षं होतील, पण ही बातमी आधी तुम्हाला सांगायला नको का?

जळगावच्या ज्या कारखान्याचे हिशेब तुम्ही ठेवायचात, तिथे परदेशी भागीदार येणार होता. त्याला ताळेबंद या मानकांप्रमाणे हवा होता. कारखान्याचे मालक शेठजी म्हणाले, मुंबईहून माणूस आणू, नानांचं हे वय नाही. तुम्ही चोपन्न वर्षांचे, साक्रीकडच्या खेड्यातले, इंग्रजी जेमतेम. तरी तुम्ही तीन महिने मागून घेतलेत.

मग रोज सकाळी मी मानकांचं इंग्रजी पुस्तक वाचायचे आणि तुम्ही डिक्शनरी उघडून बसायचात. तुमच्या उच्चारांना मी हसायचे, नाना! आज लाज वाटते. तुम्ही कधी रागावला नाहीत. तोच शब्द पुन्हा म्हणून दाखवायचात.

व्यवहाराचं बाह्यरूप नव्हे, त्यातला आशय पाहावा, असं एक वाक्य होतं. मी बी.कॉम.ला होते, तरी मला ते उलगडेना. तुम्ही घरच्या बोलीत सांगितलंत, "कागदवर काय लिखेल शे ते सोड, खरं काय व्हयनं ते दख."

आणि तुम्ही तसं वागलातही. शेठजींनी यंत्रं मेहुण्याच्या कंपनीला विकल्याचं दाखवलं होतं आणि तीच भाड्याने घेतली होती. यंत्रं जागची हललीसुद्धा नव्हती, शेवटपर्यंत कारखान्यातच राहणार होती. विक्रीचा नफा तुम्ही त्या वर्षाच्या नफ्यातून वगळलात. शेठजींनी तो परत घालायला सांगितला. तुम्ही म्हणालात, "शेठजी, हे बदललं तर मी शिकलो काय?"

महिनाभर ते तुमच्याशी बोलले नाहीत. नोकरी जाणार म्हणून आई धास्तावली होती. हे तिने मला खूप पुढे सांगितलं. माझ्यापासून का लपवलंत?

परदेशी हिशेबनीस आला, त्याने नेमकं त्या यंत्रांबद्दलच विचारलं. तुम्ही उभे राहून तोडक्यामोडक्या इंग्रजीत सगळं समजावलंत. त्याने तुमचे कागद दोन दिवस तपासले आणि एक आकडाही बदलला नाही. करार झाला. नफा कमी दिसल्याने शेठजींना भागीदारीच्या हिश्श्याला अपेक्षेपेक्षा कमी भाव मिळाला, पण पुढच्याच महिन्यात त्यांनी ऑफिसातल्या दोघांना तुमच्या हाताखाली शिकायला बसवलं. त्या दोघांनीच मला त्या बैठकीची हकिगत सांगितली. ऐकताना ऊर भरून आला होता, तुमच्यासमोर मात्र बोलले नाही. आज बोलते. नाना, मला तुमचा फार अभिमान आहे.

उद्याच्या यादीत एरंडोलचे एक गृहस्थ आहेत, सत्तावन्न वर्षांचे. फोनवर त्यांनी विचारलं, "ताई, या वयात जमेल का?" मी त्यांना पहिल्या बाकावर बसवणार आहे. त्यांना कळल्याशिवाय मी पान उलटणार नाही, हा माझा तुम्हाला शब्द.

तुमची विद्यार्थिनी आणि लेक,
मंगल