आमेन म्हटलेल्या घराविषयी

मी, शमुवेल इंद्रभान हिवाळे, वय एकोणपन्नास, धंदा मोटार वाइंडिंग, असे लिहून ठेवतो की गेल्या वर्षी फेब्रुवारीत एका सकाळी छातीत कळ आली तेव्हा मी चिमूटभर ओवा चावला, वर सोडा प्यालो आणि एका शेतकऱ्याची जळालेली मोटार उघडायला बसलो. त्याचा गहू पाण्यावाचून सुकत होता. गहू थांबणार नाही, छाती थांबेल, असा माझा हिशेब होता. छाती खरोखरच थांबायला निघाली.

माझी पत्नी समता हिने रस्त्याच्या मधोमध उभे राहून चिखलीकडे जाणारी काळी-पिवळी जीप अडवली आणि चालक कुलदीपला म्हणाली, "सवाऱ्या उतरव, नाहीतर माह्या अंगावरून गाडी ने." सवाऱ्या उतरल्या. चिखलीहून मला संभाजीनगरला हलवले. तिथे माझ्या हृदयात दोन स्प्रिंगा बसवल्या. प्रभूच्या कृपेने आज मी हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कुणाच्या दडपणाशिवाय लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो माझे थोरले बंधू उत्तमराव यांनी आधी वाचावा, कारण शंका त्यांनाच आहे.

कलम १. माझा आत्मा ज्याने दिला त्याच्याकडे परत जाईल. यात कुणाचा हिस्सा नाही आणि मध्यस्थही नको.

कलम २. माझ्या बरे होण्याचे श्रेय. याचे दावेदार पुष्कळ आहेत. धाड गावच्या उपदेशक बंधूंचे म्हणणे, त्यांनी प्रार्थना करून दिलेल्या तेलाने मी उठलो. ते तेल दवाखान्याच्या दारावरच्या माणसाने आत येऊ दिले नव्हते, पण बंधू म्हणतात की सामर्थ्याला दार लागत नाही. पुष्पांजली वहिनी, म्हणजे उत्तमरावांच्या पत्नी, म्हणतात की त्यांचा उपास फळाला आला. त्या उपासात चहा चालत होता आणि चहाबरोबर खारीही. वाद नको, म्हणून दोन्ही स्प्रिंगा मी या दोघांच्या नावे करतो, प्रत्येकी एक. मी गेल्यावर काढून न्याव्यात. डॉक्टरांशी आपापले बोलून घ्यावे.

देवाने मला वाचवले यावर माझा पूर्ण विश्वास आहे. तिथे नळ्या लावून पडलो होतो तेव्हा मला एकही शब्द सुचत नव्हता, आणि तरी कुणीतरी ऐकत आहे एवढे कळत होते. त्याहून जास्त मला सांगता येत नाही. तेल आणि खारी मात्र त्यात कुठे दिसली नाही.

कलम ३. आमचे लोक या कलमापाशी थांबतील, म्हणून सविस्तर लिहितो.

घरी आलो तेव्हा आमच्या रीतीप्रमाणे घरात उपकारस्तुतीची सभा ठेवली. समता जन्माने बौद्ध. आमचे लग्न नोंदणी पद्धतीने झाले, तिने बाप्तिस्मा घेतला नाही आणि मी कधी मागितला नाही. तरी सतरंज्या तिनेच घातल्या, पोहेही तिनेच केले.

आमच्या मंडळीत सरळ तोंडावर बोलायचे नसते ते प्रार्थनेत बोलतात. समोरच्याला उत्तर देता येत नाही, कारण त्याचे डोळे मिटलेले असतात आणि बोलणे देवाशी चाललेले असते. उत्तमराव यात फार तरबेज. त्यांनी हात वर करून सुरुवात केली, "हे प्रभू, तू माझ्या भावाले मरनातून ओढून आनलं." सगळे म्हणाले आमेन. "त्याले लेकरू देलं नाही, यातही तुझी योजना हाय." आमेन. "ह्या घरातल्या बाईचं कठीन मन तू मऊ कर." आमेन. "आन् हे घर शमूनं तुझ्या सेवेसाठी वाह्यलं हाय, त्याचं मंदिर कर."

मीही आमेन म्हटले. माझी जीभ चाळीस वर्षे वाक्य संपले की आमेन म्हणते, वाक्यात काय होते ते मागाहून कळते. डोळे उघडले तर समता पोह्यांचे दुसरे ताट घेऊन दारात उभी होती. ताट खाली ठेवून ती आत निघून गेली.

पुढच्या आठवड्यात उत्तमराव मोजायचा फिता घेऊन आले.

मी म्हटले, "दादा, हे काय चाललं?"

"मधली भिंत पाडू. बाया इकडे, मानसं तिकडे."

"अन् आमी?"

"मांगची खोली हाय ना. तू हाय तोवर दोघंबी राहा. मंग समतानं बाप्तिस्मा घेतला त तिचीबी सोय पाहू."

"मी घर देतो कवा म्हनलं बे... दादा?" 'बे' हा शब्द त्यांच्यासमोर माझ्या तोंडून पहिल्यांदा निसटला.

"सभेसमोर आमेन म्हनलास का नाही?"

"म्हनलो."

"मंग मले नको विचारू. देवाले विचार."

समता दारामागून म्हणाली, "भाऊजी, तुमच्या देवाशी माहं काही भांडन नाही. पन त्यानं तुमाले वकीलपत्र कवा देलं, थे दाखवा."

फिता गुंडाळला गेला, पण बोलणे गावभर पसरले. रात्री मी समताला विचारले, तिच्या मनात काय आहे. ती म्हणाली, "घरासाठी बाप्तिस्मा घेतला त थो देवाले कसा चालन? अन् चालला, त मले थो देव कसा चालन?" यावर कोणत्याही पाळकाने आजवर मला उत्तर दिलेले नाही.

कलम ४. भिंतीवरचे घड्याळ उत्तमरावांना. प्रार्थना करताना समोर टांगावे. डोळे उघडे असतातच.

कलम ५. वाइंडिंगचे मशीन, मीटर आणि पाने गोपालला. बाजारात त्याचे दुकान माझ्या समोरच आहे. मी दवाखान्यात असताना त्याने माझ्या गिऱ्हाइकांना सांगितले की शमू गेला. त्याचे सांगणे खोटे नव्हते, फक्त लवकर होते. हे वाचले जाईल तेव्हा ते खरे झालेले असेल, म्हणून बक्षीस.

कलम ६. दफन साध्या पेटीत करावे. समताने पहिल्या रांगेत बसावे. तिने आपल्या रीतीने मेणबत्ती लावली तर कुणी घसा खाकरू नये. शेवटची प्रार्थना पाळकांनी करावी, उत्तमरावांनी नाही. मला तेव्हा हरकत घेता येणार नाही.

कलम ७. घर. बरेच महिने मला झोप नव्हती. देवासमोर दिलेला शब्द मोडायचा की काय, ही भीती माझ्यासारख्याला खरी असते. तिच्यावर कुणी हसू नये, मीही हसत नाही. वकील म्हणाले की मूल नसल्याने कागद न करता गेलो तर अर्ध्या घरावर भाऊ हक्क सांगू शकतो, आणि नुसते मृत्युपत्र केले तर त्यावर कोर्टात भांडता येते. हे घर बांधताना समताने विटा वाहिल्या, भिंतींना दोन्ही वेळ पाणी मारले. मग विचार केला, वाहायचे ते आधी आपले असावे लागते. दुसऱ्याच्या घामाची वस्तू वाहायला मी कोण? आणि आमेन हा देवाला द्यायचा होकार आहे, थोरल्या भावाला नाही.

उत्तमराव सांगत असतात की देवाने शमूला काही कामासाठी परत पाठवले. त्यांचे बरोबर निघाले. काल समताला घेऊन मी चिखलीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात गेलो आणि संपूर्ण घर, जागेसह, बक्षीसपत्राने तिच्या नावे नोंदवून दिले. कारकुनाने कारण विचारले, "काऊन देऊन राह्यले?" मी म्हटले, "उपकारस्तुती." त्याने लिहिले, प्रेमापोटी. तेही चालेल.

म्हणून या मृत्युपत्रात वाटून द्यायला घर नाही. ज्यांनी केवळ या कलमासाठी इथवर वाचले, त्यांचे आभार.

साक्षीदार:
१. कुलदीप वानखेडे, जीपचालक. साक्षीदाराला काही ठेवता येत नाही असे वकील म्हणाले, म्हणून त्याला काही ठेवले नाही. आभार तोंडी मानले आहेत.
२. बेबीताई इंगळे, शेजारी. सभेला हजर होत्या. आमेन म्हटले नव्हते, कारण पोहे खात होत्या.

सही: शमुवेल इंद्रभान हिवाळे
ठिकाण: अमडापूर, तालुका चिखली, जिल्हा बुलढाणा
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५
राहणार: समता हिवाळे यांच्या घरी, त्यांच्या परवानगीने.