रक्षिता उकिडवी का बसत होती

अणशी,
शुक्रवार

ती. शांतावन्सं यांच्या पायांवर केशरचं डोकं.

तुमच्या गुडघ्यांना आता उतार असंल. म्हशीला पारडी झाली म्हणून कळलं, बरं वाटलं. इकडं सगळी बरी हायत. तुमचे धाकटे बंधू फॉरेस्टच्या नर्सरीत रोपं लावतात आणि घरी येऊन त्या रोपांचीच काळजी करतात. रक्षिता विचाराल तर आत्ता ती फणसावर हाय (मी बुंध्याशी उभी राहून लिहिते, म्हणून अक्षर असं). तिच्या ऑपरेशनला वर्ष झालं. त्याची हकिकत तुम्ही साऱ्या गावाकडून ऐकलीत, माझ्याकडून तेवढी न्हाई.

पाच वर्षांची पोर शाळेतनं येताना पंधरा पावलं चालायची आणि रस्त्यातच उकिडवी बसायची. बाई म्हणाल्या हट्टी हाय, तुमचे बंधू म्हणाले मुंग्या बघते. ओठ निळे दिसायचे, तर सासूबाई म्हणाल्या जांभळं खाल्ली असतील (पौष महिन्यात). मीही मान डोलावली, खोटं कशाला सांगू. पुढं जोयड्याच्या शिबिरात डॉक्टरांनी तिच्या बोटाला चिमटा लावला. यंत्रात ऑक्सिजनचा आकडा बहात्तर आला. त्यांनी यंत्र झटकलं, स्वतःच्या बोटाला लावलं, माझ्या लावलं, दारातल्या शिपायाच्याही लावलं. आमचे सगळ्यांचे नव्वदच्या वर. मग ते खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले आणि सांगायला लागले. जन्मापासनं काळजात भोक आणि फुफ्फुसाकडं जायची वाट अरुंद, म्हणून निळं रक्त अंगभर फिरतं. उकिडवं बसलं की तिला जरा श्वास पुरतो. म्हंजे आम्ही जिला हट्टी म्हणत होतो, ती कुणी न शिकवता स्वतःचं औषध करत होती.

बेळगावला जायचं ठरलं. रडू द्यायचं न्हाई, पाणी कमी पडू द्यायचं न्हाई, आणि निळी पडली तर गुडघे छातीशी दाबून धरायचे, एवढं डॉक्टरांनी मला पाठ करून दिलं. रामनगरच्या अलीकडं बससमोर गवा उभा राहिला. अर्धा तास त्यानं आम्हांला बघितलं, आम्ही त्याला. उकाड्यात पोर रडली ती रडलीच, आणि बघता बघता काळीनिळी. मी तिला सीटवर आडवी केली आणि गुडघे दाबले. एका मावशीनं कांदा फोडला, एका आजोबांनी पायातली चप्पल हुंगवायला काढली. कंडक्टर कानडीत "इळीरी, इळीरी" म्हणजे उतरा, उतरा म्हणायला लागला (उतरून कुठं जायचं, गव्याकडं?).

मी म्हटलं, "हिला कुणी हात लावायचा न्हाई. चप्पल पायात घाला, आजोबा, आणि खिडकी उघडा."

पोर निवली तेव्हा माझे हात वळले होते. हॉस्पिटलवाल्यांनी मग आम्हांला परत धाडलंच न्हाई. चौथ्या दिवशी ऑपरेशन झालं. सात तास. तुमचा फोन त्याच्या आदल्या दिवशीच आला होता, "पोरीच्या छातीवर डाग, लग्न कोण करणार?" मी फोन ठेवून दिला. बोलले असते तर आज हे पत्र लिहायचं तोंड राहिलं नसतं. दुसऱ्या दिवशी आत सोडलं, तर पोरीची नखं गुलाबी. मी नर्सबाईला रागानं विचारलं, "हिला नखरंग कुणी लावला?" त्या हसल्या. मग मला कळलं, आणि मी भिंतीकडं तोंड करून रडले.

घरी आल्यावर तिला बगलेत धरून उचलायची मनाई होती, आणि साऱ्या गावाला तिला उचलायचंच होतं. दीड महिना मी दारात लाकूड घेऊन उभी होते. दरवर्षी तपासणी हाय, दाताचं काही करायचं तर आधी हृदयाच्या डॉक्टरला विचारायचं. परवा अंगणात ती पुन्हा उकिडवी बसलेली दिसली आणि मी हातातलं टाकून धावले. जाऊन बघते तर खेकडा धरत होती. डागाचं म्हणाल तर तो ती आल्यागेल्याला दाखवते, न बघितला तर रागावते.

मोठ्यांना नमस्कार, तुमच्या सूनबाईला, प्रियांकाला आशीर्वाद.

तुमची,
केशर

ता. क. सोबत आमसुलं धाडली हायत.

ता. क. २. आमसुलं निमित्त हायत. प्रियांकाच्या बाळीच्या बारशाला तुम्ही म्हणालात, नात गोरी म्हणून ओठ निळसर दिसतात. दूध पिताना ती दोनदा थांबली आणि घामानं भिजली, ते मी बघितलं. कदाचित काही नसंलही. पण बघायला हवं. रक्षिताच्या तपासणीबरोबर मी बाळीचंही नाव लावलंय. प्रियांका तयार हाय, तुम्हांला भिऊन गप्प हाय. हे पत्र तुम्हांला सोमवारी मिळंल. मंगळवारी सकाळी आम्ही तुमच्या दारात. न्हाई म्हणायचं असंल तर पत्रानंच कळवा.